लर्निंग लायसन्स: खुणा पाठ करू नका, समजून घ्या

बारावी झाली की मुलांना लायसन्सचे वेध लागतात. उर्दू माध्यमातली मुलं आमच्याकडे विचारायला येतात, तेव्हा त्यांची अडचण रस्त्याची कमी आणि शब्दांची जास्त असते. ‘प्रतिबंधात्मक’ वाचलं की गाडी तिथंच अडते!

आम्ही त्यांना आधी आकार दाखवतो. लाल कडेचा गोल म्हणजे हुकूम, बहुतेक वेळा मनाई: ओव्हरटेक नको, हॉर्न नको. लाल कडेचा त्रिकोण म्हणजे खबरदार: पुढे वळण, शाळा, रेल्वे फाटक. निळी चौकोनी पाटी म्हणजे मालूमात: दवाखाना, पेट्रोल पंप. उलटा त्रिकोण मात्र वेगळा, तो ‘आधी दुसऱ्याला जाऊ द्या’ असं सांगतो. एवढं डोक्यात बसलं की निम्मे प्रश्न सुटतात. पास व्हायला 60 टक्के पुरेत.

आधार असेल तर ही परीक्षा आता घरबसल्या देता येते. मग भाईजान शेजारी बसून उत्तरं सांगतात. पण चौकात भाईजान नसतात ना!

लर्निंग 6 महिने चालतं, पक्क्या लायसन्सची टेस्ट 30 दिवसांनंतर. तोवर गाडीला लाल ‘एल’ हवा, आणि बाईकवर मागे दोस्त नको. बसलाच तर लायसन्स असलेला शिकवणारा.

पालकांनो, अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर 2019 च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. शिवाय त्या मुलाला वयाच्या 25 वर्षांपर्यंत लायसन्स नाही.