घडाघडा वाचले, पण कळले काय?

काही दिवसांपूर्वी तालुक्यातून एक आजी माझ्या टेबलाशी आल्या. सोबत पाचवीत शिकणारी नात आणि हातात गायरान जमिनीवरील अतिक्रमणाची नोटीस. आजी म्हणाल्या, "वकीलसाहेब, पोरीनं समदी वाचून दावली. घडाघडा वाचती. पण त्यात काय म्हणत्यात ते काही उमगलं नाही."

मी नोटीस पोरीच्या हाती दिली. तिने ती कुठेही न अडखळता वाचली. मी विचारले, "बाळा, हे कोणी कोणाला लिहिलंय?" ती गप्प. "आजीला काय करायला सांगितलंय?" तरी गप्प. "बरं, किती दिवसांत करायचं?" आता तिने कागदावर पुन्हा नजर फिरवली आणि म्हणाली, "सात दिवसांत."

नोटीस हाती पडून पाच दिवस झाले होते! आम्ही खुलासा मुदतीत दाखल केला. पण आजी आणखी दोन दिवस घरीच बसल्या असत्या, तर तीन पिढ्यांनी कसलेल्या जमिनीबाबत एकतर्फी आदेश झाला असता.

वाचक बंधू-भगिनींनो, ती पोर मठ्ठ नाही. प्रश्न विचारताच तिने उत्तर शोधून काढले. तिला आजवर असा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, हे खरे दुखणे आहे.

'असर'च्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी केवळ ४२.८ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली. हा आकडा पाहून आपण हळहळतो. परंतु त्या चाचणीत प्रामुख्याने मूल वाचू शकते का, एवढेच पाहतात. वाचलेले समजले का, हा त्यापुढचा प्रश्न आहे. आजीची नात त्या ४२.८ टक्क्यांत सहज बसली असती!

असे का होते? लहान मुलांना आपण गोष्टी आणि कविता वाचायला देतो. त्या हव्यातच. पण माहितीचा मजकूर वेगळ्या बांधणीचा असतो. त्यात राजा नसतो, कोल्हा नसतो. त्यात कारण आणि परिणाम असतो, क्रम असतो, तुलना असते, व्याख्या असते. पुढे विज्ञान, नागरिकशास्त्र, औषधाची चिठ्ठी, रेशनचा फलक, कोर्टाचे समन्स हे सारे याच भाषेत येते. ही अडचण केवळ आपली नाही. अमेरिकेत नेल ड्यूक या संशोधिकेने पहिलीच्या २० वर्गांची पाहणी करून २००० साली निष्कर्ष मांडले. माहितीपर मजकुरासाठी दिवसाला सरासरी फक्त ३.६ मिनिटे मिळत होती, आणि गरीब वस्त्यांतील वर्गांत त्याहूनही कमी. म्हणजे ज्यांना गरज अधिक, त्यांच्याच ताटात कमी वाढलेले!

महात्मा फुल्यांनी हे केव्हाच ओळखले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढील निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेसाठी मोडी व बालबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण यांबरोबरच शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि नीती व आरोग्याचे धडे मागितले. ज्याने जगणे कळेल असे वाचन शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या लेकरांना मिळावे, ही ती मागणी होती.

आणि आपल्या शहरात तर उत्तर नावातच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय सुरू केले. त्याला मिलिंदाचे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन म्हटले. भदंत नागसेनांनी मिलिंद राजाला रथाचा दाखला कसा दिला? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? एकेक प्रश्न विचारत त्यांनी राजाच्याच तोंडून अर्थ वदवून घेतला. वाचनही तसेच शिकवायचे असते.

एक उदाहरण देतो. मलिक अंबर हा मूळचा इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस. पुढे तो निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी, म्हणजे आपले हे शहर, वसवले आणि डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नहरीतून उताराने शहरात आणले. एवढाच मजकूर पाच-सहा सोप्या वाक्यांत कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा. वाचण्याआधी मुलांना विचारा, "आपल्या घरी पाणी कुठून येतं?" 'नहर', 'उतार', 'वजीर' हे शब्द आधी समजावून सांगा. उतार कळण्यासाठी पाटीवर तांब्याभर पाणी ओतून दाखवा. मग वाचू द्या.

वाचून झाल्यावर विचारा : पाणी कुठून आणले? पंपाशिवाय ते कसे वाहिले? गुलाम असलेला माणूस शहर वसवतो, यावरून तुला काय वाटते? पहिल्या दोन उत्तरांसाठी ओळीवर बोट ठेवायला लावा : "हे कुठे लिहिलंय ते दाखव." तिसऱ्याचे उत्तर कागदावर नाही, ते त्याने स्वतःच्या डोक्याने द्यायचे. शेवटी पुस्तक मिटून तीच माहिती घरच्या बोलीत सांगू द्या किंवा चित्र काढू द्या. आठवडाभर पाणी याच विषयावरचे आणखी दोन-तीन मजकूर घ्या, कारण एक माहिती दुसरीला आधार देते. चुकले तर रागावू नका. रागावलेले मूल प्रश्न विचारणे सोडते.

यासाठी खर्च लागत नाही. शाळेचे परिसर अभ्यासाचे पुस्तक आहे, बालभारतीचे 'किशोर' मासिक आहे, वर्तमानपत्रातील चौकट आहे, बसचे वेळापत्रक आहे, जलसंजीवनीच्या पाकिटावरील सूचना आहेत. लागतो तो रविवारचा एक तास. प्रत्येक विहारात वंदनेनंतर दहा मुले आणि एक मोठे माणूस बसले तरी पुरे. ते निवृत्त गुरुजी असोत, वसतिगृहातील विद्यार्थी असो की सातवीपर्यंत शिकलेली माता असो. जयंतीच्या वर्गणीतील थोडा भाग या कागदांवर खर्च झाला तर जयंती काही लहान होणार नाही.

संविधानाच्या कलम २१-अ ने ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. त्याचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. पण अर्थ न कळता उच्चार करणे म्हणजे शिक्षण नव्हे. अर्थ मूठभरांकडे आणि बाकीच्यांकडे फक्त ऐकणे, हीच तर जुनी व्यवस्था होती.

आजीची नात निघताना मी तिला विचारले, "आता घरी जाऊन बाबांना काय सांगशील?" ती म्हणाली, "आपण उत्तर दिलंय. आता तारखेला जायचं." नोटिशीत हे शब्द नव्हते. अर्थ मात्र तोच होता.

जयभीम!