टाकी धुऊन काढली की मासे का मरतात?

बऱ्याच घरांत रविवारचा एक कार्यक्रम ठरलेला असतो. मासे बादलीत काढायचे, फिश टँक रिकामा करायचा, खडी चोळून धुवायची, काच साबणाने घासायची, नळाचं ताजं पाणी भरायचं आणि मासे परत सोडायचे. टाकी लख्ख दिसते. दोन-तीन दिवसांत एखादा मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो, मग तळाशी आडवा होतो आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपल्याला मासे लाभतच नाहीत."

खरं तर ते त्या धुलाईनेच मरतात. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडत असतात, उरलेलं खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. हा अमोनिया माशांना विषारी. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढणाऱ्या जीवाणूंपैकी काही त्याचं नायट्राइट करतात. तेही घातकच, पण दुसरे जीवाणू त्याचं नायट्रेट करून टाकतात. नायट्रेट बेताचं असेल तर मासे ते सहज सोसतात. नव्या टाकीत जीवाणूंची ही वसाहत बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. खडी आणि स्पंज नळाखाली खळाखळा धुतले की ती बरीचशी वाहून जाते, उरलेली पाण्यातल्या क्लोरिनने मरते. साबणाचा तर अंशही टाकीत जाता कामा नये.

दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदललं की पुरतं. सायफनची नळी खडीत खुपसून तळाचा गाळ ओढून घ्यावा. काढलेलं पाणी लगेच ओतून देऊ नका, स्पंज त्याच पाण्यात दोन-तीनदा पिळा. काळपट गाळ सुटतो, तेवढं बास. स्पंज पांढराशुभ्र करण्याचा हट्ट नको. नवं पाणी अँटी-क्लोरिनचे थेंब टाकून, टाकीतल्या पाण्याइतकंच कोमट-गार असेल असं पाहून भरावं.

आता शेवाळ. काच हिरवी झाली म्हणजे पाणी विषारी झालं, असं नव्हे. उजेड जास्त आणि पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट जास्त, एवढाच त्याचा अर्थ. ऊन येणाऱ्या खिडकीत टाकी असेल तर कितीही घासा, शेवाळ येणारच. टाकी तिथून हलवा, दिवा दिवसाला ६ ते ८ तासच लावा आणि दोन मिनिटांत फस्त होतील एवढेच दाणे टाका. व्हॅलिसनेरियासारख्या पाणवनस्पती तीच पोषकद्रव्यं ओढून घेतात, त्यामुळे शेवाळाला आयतं खाद्य मिळत नाही. नव्या टाकीत काचेवर तपकिरी थर आला तर घाबरू नका, ते बहुधा डायटम असतात आणि काही आठवड्यांत आपोआप कमी होतात.

दुकानातलं निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, टाकल्यानं पाणी शुद्ध होतं हाही एक पक्का गैरसमज. ते मुख्यतः बुरशीवरचं औषध आहे. मुख्य टाकीत टाकलं तर ते उपयोगी जीवाणूंनाच मारतं. आजारी मासा वेगळ्या भांड्यात ठेवून तिथंच ते वापरावं.

आणि सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे सकर फिश आणला की सफाईची चिंता मिटली. दुकानात बोटभर दिसणारा हा दक्षिण अमेरिकेतला मासा फूट-दीड फूट वाढतो. मोठा झाल्यावर शेवाळ सोडून दाण्यांवर ताव मारतो आणि इतकी विष्ठा टाकतो की टाकी आणखी घाण होते. मग लोक तो नदीत नेऊन सोडतात. उजनीच्या जलाशयात आज तो मच्छीमारांच्या जाळ्यात येतो. त्याच्या काटेरी परांनी जाळी फाटतात आणि बाजारात त्याला किंमत नाही. तेव्हा लहान टाकीसाठी सकर घेऊच नका. घरात असेल आणि सांभाळणं जमत नसेल, तर दुकानदाराला परत द्या, पण नदीत, तलावात किंवा विहिरीत कधीही सोडू नका.