यकृताचा विकार आणि बुद्धीचा भ्रम

यकृताच्या जुनाट विकारानें पीडलेले घरांतील एखादे वडीलधारे गृहस्थ दिवसां पेंगूं लागतात आणि रात्रीं टक्क जागे राहतात. जमाखर्चाची साधी बेरीज चुकते. जन्माचा शांत मनुष्य सुनेवर विनाकारण डाफरतो. 'वय झालें' असें म्हणून मंडळी गप्प बसते. आमच्या मतें हें गप्प बसणेंच घातक आहे.

चरकसंहितेंत कामलेच्या असाध्य लक्षणांत तंद्रा, मोह व संज्ञानाश यांची गणना आहे. तेव्हां हा संबंध प्राचीनांस ठाऊक होता. कारण मात्र पुढें उलगडलें. आंतड्यांत, तेथील जंतूंच्या योगानें, अन्नांतील प्रथिनांपासून अमोनिया उत्पन्न होतो. निरोगी यकृत त्याचा यूरिया बनवितें व तो मूत्रावाटे जातो. यकृत निबर झालें, ज्यास डॉक्टर सिऱ्होसिस म्हणतात, कीं तें काम अपुरें पडतें. शिवाय कांहीं रक्त यकृताला वळसा घालून तसेंच मेंदूकडे जातें. १८९३ सालीं पावलोव्ह व त्यांचे सहकारी यांनीं कुत्र्यांच्या आंतड्यांकडील रक्त यकृत वगळून थेट मोठ्या शिरेंत सोडलें, तेव्हां तीं जनावरें मांस खाल्ल्यावर बावचळलीं. पित्तनलिका दीर्घकाळ तुंबून राहिली तरी यकृताची शेवटीं हीच गत होते.

रोग्यास हात पुढें करून पंजे मागें वळवून धरावयास सांगावें. ते राहून राहून पांखराच्या पंखासारखे खालीं पडतात. विस्कळित मांडलेले आंकडे क्रमानें जोडण्याची परीक्षाहि डॉक्टर घेतात. (आम्हां मास्तरांस ती फार ओळखीची!)

मलावरोध, ज्वर, पोटांतील रक्तस्राव यांनीं हा भ्रम एकाएकीं वाढतो. शौचास डांबरासारखें काळें होणें ही रक्तस्रावाची खूण होय. तेव्हां रुग्णालय गांठावें. झोंप नाहीं म्हणून घरांतली निद्रेची गोळी देणें तर कमालीचें अविचाराचें.

वेळीं उपचार झाल्यास पुष्कळांची शुद्धि परत येते. लॅक्ट्युलोज नांवाचें गोड औषध दिवसांतून दोनतीनदां मऊ शौचास होईल इतकें देतात. हें नुसतें रेचक समजून पुष्कळ घरीं तें मध्येंच बंद करतात. तसें करूं नये. पूर्वीं अशा रोग्यांचें डाळ-दूध तोडीत. आतां तें तोडूं नये असें वैद्यकमत आहे. उलट निजण्यापूर्वीं थोडें कांहीं खावयास द्यावें, कारण रात्रभराचा उपवासहि दुबळ्या यकृतास जड जातो. एकादशी अशा रोग्यापुरती घरांतल्या दुसऱ्या कोणीं करावी.