तारेंतला संगणक मुका होतो तेव्हां

विश्वांत सर्वत्र ईथर नांवाचें एक अतिसूक्ष्म द्रव्य भरलेलें असून प्रकाशाच्या लहरी त्यांतूनच प्रवास करतात, अशी एकोणिसाव्या शतकांतील पदार्थविज्ञानवेत्त्यांची समजूत होती. पुढें ती समजूत मागें पडली. नांव मात्र राहिलें. १९७३ सालीं अमेरिकेंतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रांत रॉबर्ट मेटकाफ यांनीं अनेक संगणक एका सामाईक माध्यमानें जोडण्याची योजना मांडली आणि तिला ‘ईथरनेट’ असें नांव दिलें. आज बिनतारी जोडणी घरोघर आली असली, तरी जेथें वेग आणि भरंवसा दोन्ही हवेत तेथें तारच उपयोगी पडते. ही तार संगणकाच्या ज्या भागाला येऊन मिळते, त्याला नेटवर्क कार्ड म्हणतात.

लिनक्स ही १९९१ सालीं लिनस टॉर्वल्ड्स यांनीं फिनलंडमध्यें आरंभिलेली, युनिक्सच्या वळणाची प्रणाली होय. तिच्यावर चालणारा संगणक एके दिवशीं अचानक मुका झाला, म्हणजे पुष्कळ लोक घाईघाईनें सारी प्रणाली पुसून पुन्हां बसवितात किंवा नवें कार्ड विकत आणतात. परंतु नाडी न पाहतां मात्रा देणाऱ्या वैद्याची जी गत, तीच येथें होते. संदेशाचा मार्ग पायरीपायरीनें वर चढत जातो : प्रथम तार, मग कार्ड, मग तें चालविणारा ड्रायव्हर, मग पत्ता आणि शेवटीं नांव. खालची पायरी शाबूत असल्याची खात्री झाल्यावांचून वरच्या पायरीला हात लावूं नये, हा या परीक्षेचा पहिला नियम.

तारेच्या आंत आठ बारीक तारा असून त्यांच्या चार जोड्या असतात. अशी तांब्याची तार सामान्यतः १०० मीटरपर्यंतच लांब असावी, असें प्रमाण आहे. कार्डाच्या खांचेजवळ बहुधा एक लहानसा दिवा असतो. तो मुळींच लागत नसेल, तर प्रथम तार बदलून पाहावी, मग स्विचची खांच बदलून पाहावी. येथें एक खूण ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. सेकंदाला १००० मेगाबिटांच्या नेहमींच्या जोडणीला चारही जोड्या लागतात, १०० मेगाबिटांच्या जोडणीला मात्र दोनच पुरतात. म्हणून दोन्ही टोकांचीं यंत्रें वेगवान असूनही जोडणी १०० वरच अडकून राहिली, तर एखादी जोडी आंतून तुटली असल्याचा संशय घ्यावा.

तार निर्दोष ठरल्यावर, संगणकानें कार्ड ओळखलें आहे काय, हें पाहावयाचें. ‘एलएसपीसीआय’ ही आज्ञा संगणकांत जोडलेल्या उपकरणांची यादी देते. तिला ‘के’ या अक्षराची पुस्ती जोडली, म्हणजे कोणत्या उपकरणावर कोणता ड्रायव्हर काम करीत आहे तेंही कळतें. कार्ड यादींत आहे पण ड्रायव्हर नाहीं, अशी स्थिति असेल तर दोष तारेचा नव्हे. अशा वेळीं ‘डीमेसेज’ ही आज्ञा देऊन कर्नलची, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याची, रोजनिशी वाचावी. ड्रायव्हरला लागणारी एखादी फर्मवेअरची फाइल सांपडली नाहीं, अशी तक्रार तेथें पुष्कळदां स्पष्ट शब्दांत लिहिलेली असते.

पुढची पायरी ‘आयपी लिंक’ या आज्ञेची. कार्ड बंद ठेवलेलें आहे कीं चालू, हें ती सांगते. आणि तें चालू असून ‘नो कॅरिअर’ असा शेरा आला, तर दुसऱ्या टोकाकडून कांहींच संकेत येत नाहीं, असें समजावें. येथें नांवाचा घोटाळाही संभवतो. पूर्वीं लिनक्समध्यें कार्डाला ‘ईथ-शून्य’ असें नांव मिळत असे. २०१३ पासून अनेक वितरणांत कार्डाच्या जागेवरून नांव ठरविण्याची रीत आली. त्यामुळें जुन्या नांवानें लिहून ठेवलेली मांडणी नव्या प्रणालींत निरुपयोगी ठरते, आणि कार्ड धडधाकट असतांना तें बिघडल्याचा भास होतो.

‘इथटूल’ ही आज्ञा तर या कामांतली सर्वांत गुणी सेविका. जोडणीचा वेग कोणता, आणि बोलणें व ऐकणें एकाच वेळीं चालतें कीं आळीपाळीनें, हें ती दाखविते. एका टोकाला दोन्ही क्रिया एकदम करण्याची सक्ती केली आणि दुसरें टोक आपोआप ठरविण्यावर सोडलें, तर १०० मेगाबिटांच्या जोडणींत दुसरें टोक आळीपाळीची रीत धरून बसतें. मग लहान निरोप सुखरूप पोंचतात, मोठ्या फाइली मात्र रखडतात. तार सुरू, पण काम बंद, असा हा चमत्कारिक रोग आहे.

यानंतर पत्ता. तो ‘१६९.२५४’ या अंकांनीं सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या राउटरकडून उत्तर न आल्यानें संगणकानें स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला, असें बहुधा समजावें. पत्ता योग्य असेल, तर ‘पिंग’ ही आज्ञा द्यावी. १९८३ च्या डिसेंबरांत माइक म्यूस यांनीं ती रचली. पाणबुडीचा शोध घेणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून तिचें नांव पडलें. प्रथम राउटरला हांक द्यावी, मग बाहेरच्या एखाद्या अंकी पत्त्याला आणि शेवटीं नांवाला. अंकाला उत्तर येतें पण नांवाला येत नाहीं, तर दोष कार्डाचा नसून नांवांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेचा आहे.

एवढी शिस्त कशासाठीं, याचें उत्तर २००८ सालच्या एका प्रकरणांत मिळतें. त्या वर्षीं लिनक्स कर्नलच्या २.६.२७ या आवृत्तीची चाचणी चालू असतांना इंटेलचीं कांहीं नेटवर्क कार्डें कायमचीं निकामी होऊं लागलीं. संगणक बंद केला तरी जी स्मृति टिकून राहते, तिच्यांतलाच मजकूर पुसला जात होता. संशय साहजिकच कार्डाच्या ‘ई-एक-हजार-ई’ या ड्रायव्हरवर गेला, आणि त्या स्मृतीवर लेखनबंदी घालण्याची तरतूद करण्यांत आली. परंतु खरा अपराधी निराळाच निघाला. कर्नलच्या कार्याचा मागोवा घेणारी ‘एफट्रेस’ नांवाची एक सोय होती. ड्रायव्हर सुरू होतांना वापरलेली जागा मोकळी झाल्यावरही तिचे जुने पत्ते त्या सोयीनें टिपून ठेवले होते. आणि तेच पत्ते पुढें कार्डाच्या स्मृतीला दिले गेले होते. जुना मजकूर जुळला तरच बदल करावयाचा, अशी सावधगिरी तिच्यांत होती खरी. पण ज्या सूचनेनें ती पाळली जाई, ती सूचना मजकूर न जुळतांही त्या जागेवर लेखन करीत असे. ज्या कुलपावर भिस्त, त्यानेंच घात केला! ऑक्टोबर २००८ मध्यें २.६.२७.१ या आवृत्तींत ती सोय बंद ठेवण्यांत आली, आणि पुढें तिची रचना बदलण्यांत आली.

जो समोर दिसतो तोच दोषी असतो असें नाहीं, हें या प्रकरणावरून स्पष्ट होतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, बदलापूर्वींची व नंतरची स्थिति लिहून ठेवावी, आणि रोजनिशी वाचल्याशिवाय निकाल देऊं नये. एवढें पथ्य पाळणाऱ्यास बहुतेक वेळां नवें कार्ड विकत घ्यावें लागत नाहीं; आणि घ्यावें लागलेंच, तर तें कां, हें त्याला नेमकें ठाऊक असतें.