न विकलेल्या कागदांची जकात

रमजान आला की आमच्या घरांत खजुरांच्या डब्याबरोबर हिशेबाची वहीही बाहेर निघते. वर्षभर शिल्लक राहिलेल्या संपत्तीतला अडीच टक्के वाटा गरजूंना द्यायचा, ही जकात. सोनं-चांदी, बँकेतली शिल्लक, दुकानातला विकाऊ माल, सगळं मोजायचं. ही मालमत्ता साधारण ६१२ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी असली की जकात लागू होते, असा आमच्याकडचा प्रचलित हिशेब.

यंदा अंधेरीत राहणारी माझी मामेबहीण, आमची आपा, इफ्तारनंतर वही घेऊन बसली आणि म्हणाली, "तू प्रोफेसर ना, मग सांग. घरात चौदा कागद पडलेत. विकायला केले होते, विकले गेले नाहीत. त्यांची किंमत किती धरू?"

आपा सुलेखन करते. तिचे वडील, म्हणजे माझे मामू, एका उर्दू दैनिकात कातिब होते. तेव्हा उर्दू वर्तमानपत्राची ओळ न् ओळ हाताने लिहिली जाई. १९९४ साली 'इनपेज' हे संगणकावर नस्तालीक लिपी जुळवणारं सॉफ्टवेअर आलं आणि कातिबांची पिढीच घरी बसली. मामूंनी कलम मुलीच्या हातात दिलं. वेताचं, तिरकं कापलेलं. मराठीत आपण त्यालाच बोरू म्हणतो. त्या कलमाने उठवलेला चौकटसर ठिपका म्हणजे नुक्ता, आणि अक्षराचं माप त्या नुक्त्यानेच घ्यायचं. नस्तालीकात अलिफ तीन नुक्ते उंच. हे तीन नुक्ते डोळ्यांत बसायला आपाला दोन वर्षं लागली. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकल्यामुळे त्याच कलमाने ती देवनागरीही तितकीच देखणी लिहिते.

जानेवारीत बोरिवलीच्या एका कला महोत्सवात तिने तीन दिवस टेबल लावलं. असे महोत्सव आता उपनगरांतही भरतात. शहराच्या दक्षिण टोकाला काळा घोडा महोत्सव १९९९ साली सुरू झाला. ते नऊ दिवस आपण लोकलने चर्चगेट गाठून बघत आलो. पण बघणारा आणि मांडणारा यांचा महोत्सव वेगळा असतो, हे मला आपाची वही वाचून कळलं.

वहीत असं लिहिलं होतं: शंभर रुपयांना एक याप्रमाणे ६१ नावं लिहून दिली, ६,१०० रुपये. तीस रुपयांच्या चाळीस वाचनखुणा, १,२००. नऊशेच्या तीन छोट्या फ्रेम, २,७००. जमा दहा हजार. अर्ध्या टेबलाचं भाडं ३,०००, कागद-शाई-फ्रेम २,९००, रिक्षा-टेम्पो ६००. हातात उरले ३,५००. चार हजार रुपये किमतीचे चौदा मोठे कागद जसेच्या तसे परत आले.

वहीत न लिहिलेलं तिने तोंडी सांगितलं. "दोन मिनिटांचं काम, शंभर रुपये?" हे रोज दहा-बारा वेळा ऐकलं. एकाने मोठ्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढला आणि तिच्यासमोरच मित्राला म्हणाला, "प्रिंट काढून घेऊ." एक बाई मात्र तासभर थांबल्या. गेलेल्या आईचं नाव त्यांना देवनागरीत लिहून हवं होतं. शाई वाळेपर्यंत त्या कागदावरून नजर काढत नव्हत्या. आणि एक म्हातारे गृहस्थ, पूर्वी दुकानांच्या पाट्या रंगवायचे, फ्लेक्स आल्यावर ते काम संपलं. मोठ्या कागदापुढे बराच वेळ उभे राहिले, म्हणाले, "रेघ एका दमात ओढलीय." घेणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्यांनी नातीचं नाव लिहून घेतलं आणि घासाघीस न करता शंभराची नोट ठेवली.

पंढरपुरात जन्मलेले एम. एफ. हुसेन याच मुंबईत पोटासाठी सिनेमाची होर्डिंग्ज रंगवत होते, हे आपण कौतुकाने सांगतो. पण आज समोर टेबल लावून बसलेल्याशी मात्र वीस रुपयांसाठी हुज्जत घालतो. मॉलमध्ये छापील किमतीपुढे आपली जीभ उचलत नाही.

जकातीचं आम्ही मशिदीतल्या मौलानासाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "विकायला ठेवलेला माल आहे. आज विकायला काढला तर जो भाव येईल, तो धरा."

मी लगेच म्हणालो, "आपा, मग प्रश्न मिटला. कोणी घेतलेच नाहीत. पाचशेच्या भावाने धर. सात हजार होतात, जकात पावणेदोनशे." तिच्या चार बांगड्यांमुळे जकात तिला तशीही लागू होतीच. पण चार हजारांच्या भावाने चौदा कागदांचे छप्पन्न हजार होत होते आणि जकात १,४००. तीन दिवसांच्या कमाईतला जवळजवळ निम्मा पैसा.

आपा काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "उद्या कोणी पाचशेला मागितला तर मी देणार आहे का? नाही ना. मग अल्लाहसमोर पाचशे कसे सांगू? आणि पाचशे लिहिले, तर तो दोन मिनिटांचं काम म्हणणारा माणूस खरा ठरला."

तिने वहीत छप्पन्न हजार लिहिले. दुसऱ्या दिवशी १,४०० रुपये गल्लीतल्या एका विधवेच्या हातात गेले.

ईदनंतर पुन्हा कुठल्या तरी मैदानात टेबलं लागतील. तुम्ही जाल तेव्हा घेतलंच पाहिजे असं नाही. बघा, विचारा, फोटो काढण्याआधी परवानगी घ्या. आणि भाव ऐकून महाग वाटलं, तर त्या रेघेला किती वर्षं लागली, तेवढं एकदा विचारून बघा.