हाडातली ‘दुधी काच’ : फायब्रस डिस्प्लेसियाचे निदान

कणकवली परिसरातील रुग्णाला हाडाचे काही अवघड दुखणे निघाले, की पुढच्या वाटा ठरलेल्या असतात. कुणी महामार्गाने बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो, कुणी फोंडाघाट चढून कोल्हापूर गाठतो, तर कुणी कोकण रेल्वेने थेट परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघतो. हातातल्या पिशवीत एक क्ष-किरण फिल्म असते आणि मनात ‘ट्यूमर’ हा एकच शब्द. फिल्मवरचा तो डाग कर्करोगाचाच असेल, असे मात्र मुळीच नाही. ज्या विकारांमुळे असा घोटाळा होतो, त्यांपैकी ‘फायब्रस डिस्प्लेसिया’ हा एक होय. त्याचे निदान पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून होऊ शकते. ते चुकले तर रुग्णाला नको ते उपचार सोसावे लागतात.

निरोगी हाड सतत झिजत आणि नव्याने घडत असते. या विकारात हाडाच्या एखाद्या भागात पक्व, थरांच्या हाडाऐवजी तंतुमय ऊती आणि कच्चे, विस्कळीत हाड भरते. जागा भरलेली दिसते, पण भार पेलण्याची शक्ती तेथे नसते. परिणामी हाड फुगते, वाकते, दुखते, कधी किरकोळ धक्क्यानेही मोडते. लुई लिक्टेनस्टाइन यांनी १९३८ मध्ये या विकाराला आजचे नाव दिले. त्याचे कारण उमगू लागले ते १९९१ नंतर. गर्भाच्या वाढीच्या अगदी आरंभी एखाद्या पेशीतील ‘जीएनएएस’ या जनुकात बदल होतो आणि त्या पेशीपासून पुढे निपजलेल्या पेशींतच तो राहतो. म्हणजेच हा दोष आईवडिलांकडून आलेला नसतो आणि मुलाबाळांतही उतरत नाही. मुलीच्या लग्नाच्या बोलाचालीत ‘घराण्यात आजार आहे का’ असा प्रश्न जेथे हटकून येतो, तेथे हे निःशंकपणे सांगायला हवे. हा विकार नवाही नाही. क्रोएशियातील क्रापिना येथे मिळालेल्या, १ लाख २० हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या निअँडरथल मानवाच्या बरगडीत त्याच्या खुणा आढळल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले.

बहुसंख्य रुग्णांत एकच हाड बाधित असते. बरगडी, मांडीचे किंवा नडगीचे हाड, वरचा जबडा. अनेकांना तर त्याचा पत्ताही नसतो. छातीचा किंवा दातांचा फोटो भलत्याच कारणासाठी काढला जातो आणि डाग दिसतो. हा डाग वाचण्यातच निदानाची निम्मी वाट सरते. स्नानगृहाच्या खिडकीला आपण दुधी काच लावतो, तसा धूसर, एकसारखा पोत हाडात दिसतो. हाडाची बाहेरची भिंत पातळ होते, पण सहसा फुटत नाही. मांडीचे हाड खुब्यापाशी पुनःपुन्हा बारीक मोडून वाकले, तर त्याला धनगराच्या आकडीदार काठीची उपमा देतात. चेहऱ्याच्या व कवटीच्या हाडांसाठी सीटी स्कॅन अधिक उपयोगी, तर आणखी कोठे हाडे बाधित आहेत हे पाहण्यासाठी सर्वांगाचा बोन स्कॅन करतात.

आपल्याकडे अशा वेळी हाडाच्या क्षयाची शंका घेतली जाते आणि ती गैर नाही. पण आणखी एक फसवा विकार विसरला जातो. गळ्यातील पॅराथायरॉईड ग्रंथी अतिरेकी झाली, तरी हाडांत असेच पोकळ डाग पडतात. रक्तातील कॅल्शियम आणि पॅराथायरॉईड संप्रेरक यांची तपासणी केली, की हा संशय फिटतो. शस्त्रक्रियेच्या मानाने ती अगदी साधी तपासणी आहे. तरीही ती राहून जावी, याचे नवल वाटते.

मग रुग्णाची त्वचा पाहावी. दुधाळ कॉफीच्या रंगाचे, दंतुर कडांचे डाग आढळले तर ‘मॅक्यून-अल्ब्राइट’ हा व्यापक विकार ध्यानात घ्यावा लागतो. अमेरिकी डॉक्टर या कडांना मेन राज्याच्या किनाऱ्याची उपमा देतात. खाड्यांनी चिरलेला आपला कोकण किनारा डोळ्यांपुढे आणला तरी चालेल. अशा मुलींत अगदी लहान वयात पाळी सुरू होऊ शकते. थायरॉईड व वाढीच्या संप्रेरकांचे बिघाड, लघवीवाटे फॉस्फेट वाहून जाणे, हेही संभवते. तेव्हा हाडांच्या डॉक्टरांइतकीच संप्रेरकतज्ज्ञांचीही गरज पडते.

चित्र नमुनेदार असेल, तर तुकडा काढून तपासण्याची घाई नको. शंका उरली, तरच ते करावे. सूक्ष्मदर्शकाखाली तंतुमय ऊतींत चिनी अक्षरांसारखे वेडेवाकडे हाडांचे तुकडे दिसतात. मात्र मंदगती हाडाचा कर्करोगही काचपट्टीवर असाच भासू शकतो. म्हणून विकृतिशास्त्रज्ञाला काचपट्टीसोबत फिल्मही दाखवणे अगत्याचे असते. जनुकतपासणी याच तुकड्यावर करता येते. पण हाड मऊ करण्यासाठी तीव्र आम्ल वापरले, तर त्यातील डीएनए खराब होतो. रक्तात बदल सापडला नाही, एवढ्यावरून विकार नाही असे ठरत नाही, कारण तो ठरावीक पेशींतच असतो.

निदान चुकण्याची किंमत मोठी आहे. या विकारात किरणोपचार टाळावेत, कारण एरवी क्वचित होणाऱ्या कर्करोगाचा धोका त्यांमुळे वाढतो. लहान मुलांत डाग खरवडून हाड भरले, तरी ते पुष्कळदा विरघळते आणि डाग परततो. लक्षणे नसलेल्या एका हाडावर नजर ठेवणे पुरते. दुखत असेल तर बिस्फॉस्फोनेट औषधे, हाड मोडण्याची भीती असेल तर आत सळई, असा क्रम असतो. समूळ बरा करणारा उपाय अद्याप नाही.

डाग अचानक वाढू लागला किंवा वेदना एकाएकी बळावली, तर मात्र पुन्हा तपासणी तातडीने व्हायला हवी. अशा वेळी दोन वर्षांपूर्वीची फिल्म हाती असेल, तर वाढ खरोखर झाली की नाही हे डॉक्टर काही मिनिटांत सांगू शकतात. कणकवलीहून निघताना ती पिशवीत असावी. आणि तुकडा तपासला असेल, तर त्याचा मेणातला ठोकळा प्रयोगशाळेकडून मागून घ्यावा.