लावणे आणि लागणे : कोकणातील कलमांच्या रोपवाटिकेचा वसंत

मराठीतील अकर्मक धातूपासून सिद्ध होणाऱ्या सकर्मक क्रियापदांचा एक सर्वसाधारण नियम असा, की सकर्मक क्रिया पूर्ण झाली म्हणजे अकर्मक क्रियाही घडून आली असे समजावयाचे. 'गड्याने आंबा पाडला' असे म्हटल्यावर आंबा पडला हे निराळे सांगावे लागत नाही. 'आंबा पाडला, पण तो पडला नाही' हे वाक्य ऐकणाऱ्यास सदोष वाटते. 'लागणे' आणि 'लावणे' ह्या जोडीवर मात्र हे बंधन नाही. 'दार लावले, पण ते नीट लागले नाही', 'रोप लावले, पण लागले नाही' ही वाक्ये कोणाही मराठी भाषकास खटकत नाहीत. लावणे ही माणसाची कृती आहे आणि लागणे हे त्या वस्तूच्या हाती आहे, असा भेद येथे भाषेनेच करून ठेवला आहे. हा भेद केवळ व्याकरणाचा नाही, हे पाहावयाचे असल्यास कोकणातील आंब्याच्या कलमांची एखादी लहान रोपवाटिका उन्हाळ्याच्या आरंभापासून मृगाच्या पावसापर्यंत कशी चालते, ते समजून घ्यावे. तेथील शब्दांची व्यवस्था आणि तेथील कामाची व्यवस्था ह्या दोहोंचा आधार एकच असल्याचे त्यावरून दिसून येईल.

१. ऋतू आणि त्याचे नाव

समशीतोष्ण कटिबंधातील देशांत वसंत हा रोपवाटिकेच्या विक्रीचा काळ असतो. बर्फ वितळते, हिमतुषारांचे भय सरते आणि लोक बागेसाठी रोपे नेऊ लागतात. कोकणात ह्याच्या उलट स्थिती आहे. फाल्गुनापासून वैशाखअखेरपर्यंत पावसाचा भरवसा नसतो, विहिरींचे पाणी उत्तरोत्तर खाली जाते आणि जांभ्या दगडाची जमीन तापते. ह्या दिवसांत कलम नेऊन लावणारा गिऱ्हाईक क्वचितच येतो. खरी विक्री सुरू होते ती मृग नक्षत्र लागल्यावर, म्हणजे जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून. म्हणून रोपवाटिकेच्या मालकाचा वसंत हा खर्चाचा व राखणीचा ऋतू ठरतो. त्याचे उत्पन्न पुढील ऋतूत असते.

ह्या संदर्भात 'बहार' हा शब्द विचारात घेण्याजोगा आहे. फारसीत त्याचा मूळ अर्थ वसंत ऋतू असा आहे. मराठीत आल्यावर तो फुलोऱ्याचे नाव झाला आणि देशावरील डाळिंब, संत्रे, मोसंबी पिकविणारे बागाईतदार आंबे बहार, मृग बहार व हस्त बहार असे तीन बहार मानू लागले. झाडाचे पाणी काही काळ तोडून त्यास 'ताण' द्यावयाचा, नंतर पाणी सोडावयाचे आणि हवा तो बहार 'धरावयाचा', ही तेथील रीत आहे. ऋतूचे नाव येथे 'धरणे' ह्या सकर्मक क्रियापदाचे कर्म झाले. कोकणातील आंब्याच्या बाबतीत मात्र बहार धरण्याची भाषा सहसा ऐकू येत नाही. तेथे मोहोर 'येतो', पालवी 'फुटते', आणि रोपवाटिकेस तिची वाट पाहावी लागते.

२. कलम म्हणजे काय

कोकणातील आंब्याच्या बहुतेक जातींच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागसंयोगातून निर्माण झालेला असतो. त्यामुळे हापूसची कोय पेरली असता हापूसच मिळेल अशी खात्री नसते. झाड उगवते, पण फळ निराळे निघण्याचाच संभव अधिक. केरळाच्या किनाऱ्यावरील ओलूर, चंद्रकरण ह्यांसारख्या काही जातींच्या कोयीत अनेक गर्भ असतात व त्यांतील बहुतेक मातृवृक्षाच्या पेशींपासून झालेले असल्याने तेथे बियांपासूनही जात टिकते. हापूसला तो मार्ग नाही. त्याची जात टिकवावयाची तर त्याच्या फांदीचा तुकडा दुसऱ्या रोपावर जगविणे भाग आहे. जे रोप खाली मुळे पुरविते त्यास 'खुंट' म्हणतात व वर बसविलेल्या तुकड्यास 'कलमकाडी'. खुंट बहुधा रायवळ आंब्याच्या कोयीपासून वाढविलेला असतो.

'कलम' हा शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आला. मुळात तो बोरूचा, लिहिण्याच्या लेखणीचा वाचक आहे. तिरपा छेद देऊन टोक काढलेला बोरू आणि तशाच रीतीने तासलेली काडी ह्यांतील साम्य उघड आहे. कोकणी बोलण्यात ह्या शब्दाचा अर्थ आणखी विस्तारला. तेथे चाळीस वर्षांच्या डेरेदार झाडासही 'कलम'च म्हणतात आणि 'आमची हापूसची पन्नास कलमे आहेत' असे सांगतात. झाडाचे वय कितीही वाढले तरी ते कशा रीतीने जन्मास आले हे त्याचे नाव विसरू देत नाही. 'हापूस' हे नाव पोर्तुगीजांतील 'अफोन्सो' ह्या व्यक्तिनामावरून आलेले आहे. भेट कलमाची पद्धती गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात रूढ झाली आणि तिच्याच योगाने ही जात किनाऱ्यावर पसरली, हे लक्षात घेतले म्हणजे पद्धतीचे नाव अरबी-फारसी व फळाचे नाव पोर्तुगीज असे का, ते कळते.

भेट कलमात खुंटाचे रोप कुंडीसह मातृवृक्षाच्या फांदीजवळ नेऊन दोहोंची साल तासून ती एकत्र बांधतात आणि सांधा जुळेपर्यंत दोन-तीन महिने कुंडीस झाडावरच पाणी घालतात. ही रीत खात्रीची, पण कष्टाची व थोडीच कलमे देणारी आहे. आता लहान रोपवाटिकांत कोय कलम व मृदुकाष्ठ कलम ह्या पद्धती अधिक आढळतात. पुढील विवेचन मुख्यतः कोय कलमाविषयी आहे.

३. वसंतातील कामे

कोय कलम बांधण्याचा उत्तम काळ जून ते ऑगस्ट हा होय, कारण तेव्हा हवा दमट असते. परंतु त्यासाठी लागणारी काडी तीन ते चार महिने वयाची असावी लागते. म्हणजे जूनमध्ये वापरावयाची काडी फेब्रुवारी-मार्चमध्ये फुटलेल्या पालवीतूनच निवडावी लागते. इतरांच्या दृष्टीने जी केवळ वसंताची शोभा, ती रोपवाटिकेच्या मालकाच्या दृष्टीने पुढील हंगामाची सामग्री असते. तो मातृवृक्षाभोवती हिंडून कोणत्या फांदीस नवी फूट आली, कोणती रोगट आहे, कोणत्या झाडाने यंदा चांगले फळ धरले, ह्याची नोंद ठेवतो. तांबूस कोवळी पाने हिरवी होऊन काडी घट्ट होण्याची तो वाट पाहतो. कापण्यापूर्वी आठ-दहा दिवस तिची पाने देठ राखून कापून टाकतात. त्यामुळे देठ गळून पडतात आणि शेंड्याचे डोळे फुगू लागतात. डोळा फुगलेला पाहिजे, पण फुटलेला नको. ही अवस्था थोडे दिवसच टिकते.

दुसरे काम मागील वर्षीची कलमे जगविण्याचे. येथे 'जगविणे' हे क्रियापद अगदी अचूक आहे. पिशवीतील माती थोडी, तिची धग लवकर वाढते व ओल लवकर उडते. पूर्वी नारळाच्या झावळ्यांचा मांडव घालीत, आता बहुधा हिरव्या जाळीची सावली करतात. पाणी सकाळी वा सायंकाळी देतात, पण ते अधिक झाले तरी घात होतो. शेतीतील 'वाफसा' हा शब्द, म्हणजे माती ओली असूनही चिकट नसल्याची स्थिती, येथे पिशवीतील मातीसही लावता येतो. निचरा नसला की पिथियम, रायझोक्टोनिया ह्यांसारख्या बुरश्या कोवळ्या रोपांचे बूड कुजवितात आणि कालपर्यंत ताठ असलेली रोपे आडवी होतात. ह्यास रोपे 'कोलमडणे' म्हणतात. शिवाय पिशव्या मधूनमधून जागेवरून हलवाव्या लागतात, नाही तर मुळे भोकांतून जमिनीत उतरतात व विक्रीच्या वेळी पिशवी उचलताच ती तुटतात.

तिसरे काम वैशाखात येते. तांबडी माती, शेणखत व आवश्यक तेथे वाळू मिसळून पिशव्या भरून ठेवावयाच्या आणि रायवळ आंब्याच्या कोयी गोळा करावयाच्या. आंब्याची कोय धान्याप्रमाणे वर्षभर साठविता येत नाही. साधारणतः महिनाभरातच तिची उगवणशक्ती नष्ट होते. म्हणून कोयी धुऊन सावलीत सुकवून लवकर पेरतात. पेरण्यापूर्वी त्या पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढून टाकतात. गादीवाफ्यावर कोयीची फुगीर कड वर ठेवून ती लावली म्हणजे कोंब सरळ येतो. बांधणीच्या दिवशी काडी आणि खुंट दोन्ही योग्य वयाची हवीत. काडीचे वय महिन्यांनी मोजावयाचे आणि खुंटाचे दिवसांनी. ह्या दोन गणितांचा मेळ वैशाखातील पेरणीच्या दिवसावर अवलंबून असतो, आणि तो चुकला तर पालवीपासून केलेली सर्व तयारी वाया जाते.

४. बांधणारा आणि लागणारे

कोय उगवल्यावर आठ ते पंधरा दिवसांत, रोपाची पाने अद्याप तांबूस असतानाच, ते कोयीसह उपटून कोयीच्या वर पाच ते सात सेंटिमीटरांवर कापतात. कापलेल्या टोकास मधोमध चार-पाच सेंटिमीटर खोल चीर देऊन तीत पाचरीसारखी तासलेली काडी बसवितात व पट्टीने घट्ट बांधतात. नंतर ते पिशवीत लावतात. माणसाचे काम येथे संपते. पुढे साल व लाकूड ह्यांच्यामधील पेशींचा वाढता थर दोन्ही बाजूंनी जुळून यावयाचा असतो. तो जुळला तर सुमारे तीन आठवड्यांत काडीचे डोळे फुटतात; न जुळला तर काडी काळी पडते.

ह्या व्यवसायातील क्रियापदांची मांडणी केली असता त्यांचे दोन गट पडतात. कापणे, तासणे, बांधणे, डोळा भरणे, फांदी दाबणे, लावणे ही सकर्मक क्रियापदे असून त्यांचा कर्ता माणूस आहे. रुजणे, फुटणे, जुळणे, लागणे, कोलमडणे, मरणे ही अकर्मक असून त्यांचा कर्ता वनस्पती आहे. 'रुजविणे', 'जगविणे' अशी जोडरूपे आहेत, पण 'बांधणे' ह्याचे फळ सांगावयाचे झाले की भाषा क्रियापद बदलते : कलम माणूस बांधतो आणि कलम लागते. 'मी कलम लागविले' असे कोणी म्हणत नाही. कृषिविषयक पुस्तकांत 'कलम यशस्वी होणे' वा 'यशाचे प्रमाण' असे शब्दप्रयोग येतात. ते चूक नाहीत. तथापि यश हे करणाऱ्याचे असते, आणि 'लागणे' हे क्रियापद ते श्रेय करणाऱ्यास देत नाही.

'लागणे' ह्या धातूचे मूळ संस्कृत 'लग्' ह्यात आहे. 'लागवड', 'उसाची लागण' आणि 'रोगाची लागण' हे सर्व त्याचेच विस्तार होत. चिकटणे, जोडले जाणे हा अर्थ सर्वत्र समान आहे. काय जोडले जावे ह्याची निवड मात्र तो धातू करीत नाही. ज्या ओलीत सांधा लागतो तिच्यातच बुरशीही लागते.

५. नावाची जबाबदारी

कलम लागल्यावरही एक धोका उरतो. सांध्याच्या खाली खुंटास स्वतःची फूट येते. ती वेळीच काढली नाही तर मुळांचे बळ तिकडे जाते, वरची काडी दुबळी होते व कालांतराने मरते. मागे उरते ते हिरवेगार, जोमदार रायवळ रोप. ते पाहून नवख्या गिऱ्हाइकास काही वावगे वाटत नाही. तो ते कलम म्हणून नेतो, खड्डा खणतो, उन्हाळ्यात कावडीने पाणी घालतो, आणि पाच-सहा वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ वाट पाहिल्यावर पहिले फळ हाती आले म्हणजे त्यास खरा प्रकार कळतो. तोपर्यंत विक्रीची पावतीही शिल्लक नसते. फळरोपांच्या विक्रीवर नियमन असावे म्हणून महाराष्ट्रात १९६९ साली स्वतंत्र अधिनियम झाला, त्यामागील कारण ह्यावरून सहज ध्यानात येईल. परंतु सांध्याखालची फूट काढणारा हात शेवटी रोपवाटिकेतच असतो, आणि ती पाहण्याचे दिवस सर्वांत कामाच्या गर्दीचे असतात.

म्हणून व्यवसायांच्या शब्दसंग्रहाचे काम करणाऱ्या अभ्यासकाने केवळ खुंट, काडी, वाफा, पिशवी अशी नामे टिपून थांबू नये. प्रत्येक नामाबरोबर कोणते क्रियापद येते, त्याचा कर्ता कोण आणि ते वर्षाच्या कोणत्या दिवसांत उच्चारले जाते, ह्या तीन गोष्टींची नोंद आवश्यक आहे. अन्यथा 'लागणे' ह्याच्यापुढे 'चिकटणे' एवढा अर्थ लिहिला जाईल आणि त्या शब्दाने वाहिलेले ज्ञान कोशाबाहेर राहील. रोपवाटिकेच्या वहीत ही नोंद आधीच दोन रकान्यांत केलेली असते. ज्येष्ठात पहिला रकाना भरतो : किती बांधली. दुसरा श्रावणापर्यंत कोरा असतो : किती लागली.